जास्त वजनाची गाडी आणि मालकाशी वाद : कोकणातील ट्रकचालकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

कोकणात ट्रकमध्ये भरला जाणारा बराचसा माल किलोवर मोजलाच जात नाही. जांभा चिरा नगावर विकला जातो, रेती आणि खडी ब्रासवर, मासळी क्रेटवर. रस्त्यावर गाडी अडवणारा मोटार वाहन निरीक्षक मात्र किलोच विचारतो. खाणीवरचा मुकादम ‘साडेचारशे चिरा भरला’ एवढेच सांगतो, मालक फोनवर ‘निघ लवकर’ म्हणतो, आणि महामार्गावर वजनकाट्याने दाखवलेल्या जादा टनांचे उत्तर चालकाला द्यावे लागते. त्यानंतर दंड कोणी भरायचा यावरून वाद होतो, पगारातून पैसे कापले जातात, आणि आवाज केला तर दुसऱ्या दिवशी गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हातात गेलेली असते. म्हणून जास्त वजनाचा प्रश्न आणि नोकरीचा वाद या दोन वेगळ्या गोष्टी समजू नयेत. पहिल्या प्रश्नात जी काटा पावती चालकाला वाचवते, तीच दुसऱ्या वादात त्याचा पुरावा ठरते, आणि ती गाडी खाणीच्या किंवा बंदराच्या फाटकाबाहेर पडण्यापूर्वीच हातात असावी लागते.

आपल्या गाडीचे पासिंग नेमके किती

नव्या गाडीवर बसताना सर्वप्रथम नोंदणी पुस्तिकेतील, म्हणजेच आरसीमधील, दोन आकडे पाहावेत : रिकाम्या गाडीचे वजन आणि मालासह एकूण अनुज्ञेय वजन, म्हणजेच पासिंग. केंद्र सरकारने २०१८ साली एक्सलवरील भाराची मर्यादा वाढवली, तेव्हा सहा टायरी गाडीची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर, दहा टायरीची २५ वरून २८ टनांवर आणि बारा टायरीची ३१ वरून ३५ टनांवर गेली. हे आकडे बहुतेक चालकांना तोंडपाठ असतात, आणि फसगत नेमकी तिथेच होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११३ प्रमाणे त्या विशिष्ट गाडीच्या आरसीवर छापलेले वजन हीच तिची मर्यादा असते. जुन्या गाडीच्या आरसीवर २५ टनच लिहिले असेल, तर शेजारच्या नव्या दहा टायरीला २८ टन चालतात हे कारण तपासणीत उपयोगी पडत नाही. आरसी, परवाना, विमा आणि स्वतःचे लायसन्स डिजिलॉकर किंवा एम-परिवहन अ‍ॅपमध्ये ठेवावे. ही डिजिटल कागदपत्रे कायद्याने ग्राह्य आहेत. मालकाने मूळ लायसन्स ‘ठेवून घेण्याची’ मागणी केली तर ती स्वीकारू नये, कारण पुढे वाद झाल्यावर अडवून धरायला तीच वस्तू वापरली जाते.

मालासह एकूण वजनात फक्त माल येत नाही, हेही लक्षात ठेवावे. टाकीतील डिझेल, ताडपत्री, दोरखंड, जॅक, स्टेपनी, चालक आणि क्लीनर हे सगळे त्यात मोजले जाते. मागाहून हौदा उंच केला असेल किंवा जाड पत्रा बसवला असेल, तर गाडीचे रिकामे वजन आरसीवरील आकड्यापेक्षा बरेच जास्त भरते. त्यासाठी डिझेल भरून, सर्व सामानासह रिकामी गाडी एकदा काट्यावर घालावी आणि ती पावती केबिनमध्ये कायमची ठेवावी. आरसीवरील एकूण वजनातून या पावतीवरील वजन वजा केले की जो आकडा उरतो, तेवढाच माल त्या गाडीत भरता येतो.

नग आणि ब्रास किलोत कसे आणावेत

जांभा चिऱ्याचे वजन आकारावर, दगडाच्या घट्टपणावर आणि ओलाव्यावर अवलंबून असते. चौदा इंच लांब, नऊ इंच रुंद आणि सात इंच उंच असा चिरा साधारण तीस किलोच्या वर भरतो. जांभा सच्छिद्र असल्याने पावसात भिजलेला तोच चिरा आणखी जड होतो. प्रत्येक खाणीचा दगड निराळा असल्यामुळे अंदाजावर विसंबू नये. वेगवेगळ्या थरांतील दहा चिरे साध्या काट्यावर तोलून त्यांची सरासरी काढावी.

उदाहरणार्थ, सहा टायरी गाडीचे एकूण अनुज्ञेय वजन १८,५०० किलो आहे आणि डिझेल व माणसांसह रिकामी गाडी ६,९०० किलो भरते, असे धरू. म्हणजे मालासाठी ११,६०० किलो उरतात. चिरा सरासरी ३२ किलोचा असेल, तर त्या गाडीत ३६२ चिरे बसतात. ओला चिरा ३६ किलोचा झाला, तर ३२२. या गाडीत साडेचारशे कोरडे चिरे भरले, तर जवळपास २,८०० किलो जादा होतात. मोटार वाहन कायद्यातील दंड २०,००० रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये असल्यामुळे ही एकच खेप पंचवीस हजारांच्या घरात जाते, आणि जादा माल उतरवण्याचा खर्च त्याहून वेगळा. नव्वद चिऱ्यांच्या जादा भाड्यात हा खर्च निघत नाही, हे मालकाला कागदावर मांडून दाखवणे हा वाद टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

रेतीचा एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. कोरडी रेती ब्रासला साधारण साडेचार टन भरते, आणि खाडीतून नुकतीच काढलेली, पाणी गळणारी रेती त्याहून बरीच जड असते. रेती, खडी, चिरा अशा गौण खनिजाच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. वाहतूक पासवर जेवढे ब्रास नोंदलेले असतात, त्याहून जास्त माल हौद्यात असेल, तर मोटार वाहन कायद्याबरोबरच महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली महसूल खाते कारवाई करू शकते, आणि त्यात गाडीच जप्त होते. पासवरील गाडी क्रमांक, तारीख, वेळ आणि परिमाण हे चारही तपशील जुळल्याशिवाय खाण किंवा रेतीबंदर सोडू नये.

मासळीच्या गाडीत बर्फ विसरला जातो. मिरकरवाडा किंवा हर्णै येथे क्रेट मोजून भरले जातात, परंतु त्यावर आणि मध्ये टाकलेला बर्फ कोणी मोजत नाही, आणि लांबच्या खेपेत तो मालाच्या वजनाचा मोठा भाग असतो. उरण-न्हावाशेवा परिसरातील कंटेनर चालकांची गोष्ट वेगळी आहे. निर्यातीच्या भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित एकूण वजन जाहीर करणे १ जुलै २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक आहे. ते वजन मागून घ्यावे, त्यात ट्रेलर आणि घोड्याचे (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीचे) वजन मिळवावे आणि बेरीज आरसीशी ताडून पाहावी.

भरताना आणि फाटकातून निघताना

वजन बरोबर असले तरी ते हौद्यात कुठे आहे, हेही महत्त्वाचे आहे. चिरा मागच्या फाळक्याकडे रचला, तर पुढचा एक्सल हलका होऊन स्टिअरिंग सुटल्यासारखे होते. सगळा पुढे रचला, तर पुढच्या एक्सलवर मर्यादेबाहेर भार येतो. कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली यांपैकी कोणताही घाट उतरताना जादा वजनाची गाडी ब्रेकवरच धरावी लागते, ड्रम तापतात, लायनर पकड सोडतो, आणि पायाखालचा ब्रेक दाबला जात असूनही गाडी थांबत नाही. चढताना ज्या गिअरमध्ये चढली असती, त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरणे हा नियम पाळूनही दोन-तीन टनांचे जादा वजन ही पकड बिघडवू शकते. त्या अपघातात कोणी दगावले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाचा गुन्हा चालकावर दाखल होतो, आणि गाडीतील जादा वजन हा त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरतो. दंडाची रक्कम कोणी ना कोणी भरून देऊ शकते, ही शिक्षा मात्र चालकाऐवजी दुसरा कोणी भोगत नाही. घाटाच्या वाटेवरील खेपेत म्हणूनच एक नगही जादा घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

भरल्यानंतर जवळच्या काट्यावर वजन करून पावती घ्यावी. काट्यावर वैध मापन शास्त्र विभागाच्या पडताळणीच्या चालू प्रमाणपत्राचा कागद लावलेला आहे का, ते पाहावे. पावतीवर गाडी क्रमांक, तारीख, वेळ, भरल्याचे वजन, रिकाम्याचे वजन आणि निव्वळ वजन असले पाहिजे. बिल्टीवरील (माल पाठवल्याच्या ट्रान्सपोर्टच्या कागदावरील) वजन आणि पावतीवरील वजन जुळत नसेल, तर बिल्टी दुरुस्त करून घ्यावी; कोऱ्या बिल्टीवर सही करून गाडी कधीही काढू नये. पावती, बिल्टी, पास आणि हौद्यातील माल यांचे फोटो काढून लगेच मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावेत. ते पाठवल्याची तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते.

मालक जादा वजन घेऊन निघायला सांगतो तेव्हा

फोनवर वाद घालून काही हाती लागत नाही, कारण बोलणे उरत नाही. नम्र शब्दांत, पण लेखी कळवावे. मजकूर असा असू शकतो : ‘शेठ, गाडीचे पासिंग १८,५०० आहे. काट्यावर वजन २१,३०० आले आहे, पावती पाठवली आहे. २,८०० किलो माल उतरवून निघतो, किंवा तुम्ही सांगाल तसे करतो. पण जादा वजनावर गाडी काढायची असेल तर तसे इथे लिहून कळवा.’ बहुतेक वेळा लिहून कळवा म्हटल्यावर माल उतरवायला परवानगी मिळते. उत्तर फोनवरच आले, तर बोलणे झाल्यावर ‘आता फोनवर आपण निघायला सांगितलेत, मी जादा वजनामुळे थांबलो आहे’ असा संदेश पाठवावा.

हे लिहिणे का महत्त्वाचे आहे, ते कायद्यातच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खालील दंड गाडी चालवणाऱ्यालाच नव्हे, तर ती तशी चालवायला लावणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्यालाही लागू होतो. कलम ११३ च्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे चालक मालक नसेल, तर जादा वजन मालकाच्या माहितीने किंवा त्याच्या आदेशाने भरले गेले, असे न्यायालय गृहीत धरू शकते. रस्ता मालवाहतूक कायदा, २००७ खाली ट्रान्सपोर्ट कंपनीलाही आरसीवरील मर्यादेबाहेर माल भरण्यास मनाई आहे. म्हणजे मुळात कायदा चालकाच्या बाजूने उभा राहू शकतो. त्याला आधार देणारा कागद मात्र चालकानेच जपावा लागतो.

‘कार्ड काढले आहे’ (म्हणजे हप्ता बांधून दिला आहे), ‘वरपर्यंत बोलणे झाले आहे’ असे सांगितले जाते, त्यावर विसंबू नये. जादा वजन पैसे भरून नियमित करता येत नाही, तो माल उतरवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली परमजित भसीन प्रकरणात स्पष्ट केले आहे. पावतीशिवाय रस्त्यात दिलेले पैसे हा दंड नव्हे. कोणी अधिकारी अशी मागणी करत असेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

वायुवेग पथकाने गाडी अडवली तर

वायुवेग पथक म्हणजे मोटार वाहन विभागाचे फिरते तपासणी पथक. त्याने अडवले, तर गाडी थांबवावी. थांबण्यास किंवा वजन करून देण्यास नकार दिला, अथवा वजनापूर्वी माल उतरवून टाकला, तर ४०,००० रुपयांचा वेगळा दंड आहे, आणि तो सर्वस्वी चालकाच्या वागण्यावर बसतो. पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरच्या आत किंवा मुक्कामाच्या ठिकाणापासून वीस किलोमीटरच्या आत असलेल्या काट्यावर गाडी नेण्यास अधिकारी सांगू शकतो. त्या काट्याची पावती मागून घ्यावी. आपल्या आधीच्या पावतीत आणि या पावतीत मोठी तफावत असेल, तर तिथेच शांतपणे दाखवावी, दोन्हींचे फोटो काढावेत, आणि ई-चलानला आव्हान देताना ते जोडावेत.

वजन खरोखरच जादा निघाले, तर जादा माल उतरवण्याचा आदेश लेखी असतो; त्याची प्रत घ्यावी. उतरवलेल्या मालाची जबाबदारी अधिकाऱ्यावर नसते, म्हणून माल कुठे उतरवला, किती उतरवला आणि तो कोणाच्या ताब्यात दिला, हे मालकाला आणि माल पाठवणाऱ्याला लगेच कळवावे. चौकशीत जे घडले तेच सांगावे. ‘मीच भरले, मालकाला माहीत नव्हते’ असे मालकाला खूश करण्यासाठी लिहून दिले, तर वरचे सगळे संरक्षण स्वतःच्या हाताने सोडल्यासारखे होते. आणखी एक गोष्ट पुष्कळ चालकांना उशिरा कळते : जादा भार वाहून नेणे हे लायसन्स निलंबित करण्याचेही कारण आहे, आणि असे निलंबन सहसा किमान तीन महिन्यांचे असते. त्याची नोटीस आली, तर तिला मुदतीत लेखी उत्तर द्यावे आणि मालकाला पाठवलेले संदेश व पावत्या त्यासोबत जोडाव्यात.

दंड आणि घट पगारातून कापली तर

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि वेतन प्रदान कायदा, औद्योगिक विवाद कायदा, मोटार वाहतूक कामगार कायदा हे जुने कायदे त्यांत सामावले गेले आहेत. वेतन संहिता एकच गाडी असलेल्या मालकालाही लागू होते. मासिक वेतन पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत मिळाले पाहिजे. नोकरी सोडली किंवा कामावरून काढले, तर सगळा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता झाला पाहिजे. पगारातून काय कापता येते, त्याची यादी संहितेत आहे आणि त्याबाहेरची कपात बेकायदा आहे. मालकाच्या सांगण्यावरून भरलेल्या जादा वजनाचा दंड त्या यादीत बसत नाही. मालाच्या नुकसानीची भरपाई कापायची असेल, तर ते नुकसान थेट चालकाच्या हयगयीने झाले असले पाहिजे आणि आधी त्याला म्हणणे मांडण्याची संधी दिली गेली पाहिजे. सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याहून अधिक होऊ शकत नाहीत.

‘घट’ या नावाखाली होणारी कपात कोकणात फार आहे. रेतीतील पाणी वाटेत गळून जाते, मासळीवरचा बर्फ वितळतो, आणि उतरवताना वजन कमी भरले की फरक चालकाच्या नावावर मांडला जातो. यावर उपाय माल भरतानाच करावा लागतो : बिल्टीवर ‘ओला माल’ किंवा ‘बर्फासह वजन’ असे लिहून घ्यावे, ताडपत्री बांधल्यावर फोटो काढावा, आणि उतरवताना घेणाऱ्याच्या सहीनिशी ताडपत्री व दोर शाबूत असल्याची नोंद करावी.

पगार, खेपेचा भत्ता, उचल, डिझेल आणि टोलचे पैसे हे एकाच बेरजेत कधीही ठेवू नयेत. एका वहीत त्यांचे वेगळे रकाने करावेत आणि महिन्याच्या शेवटी मालकाची सही घ्यावी किंवा त्या पानाचा फोटो त्याला पाठवावा. वेतनाची चिठ्ठी देणे मालकावर बंधनकारक आहे, ती मागावी. गणेशोत्सवाच्या काळात मुंबई-गोवा महामार्गावर १६ टन आणि त्याहून जास्त वजनाच्या वाहनांना बहुतेक वर्षी बंदी असते. त्या दिवसांत खेप मिळत नाही म्हणून वेतन मिळणार की नाही, हे श्रावणातच विचारून लेखी ठरवावे.

पैसे थकले किंवा चुकीचे कापले गेले, तर वेतन संहितेखाली दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, आणि वेतन दिले होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. तरीही आपली वही तयार ठेवावी, कारण दाव्यात किती रक्कम मागायची, ती त्या वहीतूनच ठरते.

कामावरून काढले तर

कोकणातील चालकाची नोकरी पावसाळ्यात तुटते. चिऱ्याच्या खाणी आणि रेतीचे काम बंद होते, ‘आता घरी बस, दसऱ्याला ये’ असे सांगितले जाते, आणि दसऱ्याला गाडीवर दुसरा चालक असतो. ज्याने वर्षभरात २४० दिवस काम केले आहे, त्याची सेवा औद्योगिक संबंध संहितेत सलग वर्षभराची धरली जाते. त्याला कामावरून कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढे वेतन आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. ऑक्टोबर ते मे या हंगामात २४० दिवस जेमतेम भरतात, म्हणून एकेका दिवसाचा पुरावा मोलाचा ठरतो. पगारी साप्ताहिक सुट्ट्याही त्यात धरल्या जातात, हे विसरू नये. काटा पावत्या, डिझेलच्या चिठ्ठ्या, बिल्ट्या, वाहतूक पास आणि मालकाचे संदेश यांवरून कोणत्या दिवशी गाडी कोणाच्या हातात होती, ते दाखवता येते. ‘घरी बस’ असे तोंडी सांगितले, तर ‘आपल्या सांगण्यावरून पावसाळ्यापुरता घरी जात आहे, नोकरी सोडलेली नाही’ असा संदेश त्याच दिवशी पाठवावा. राजीनाम्याच्या कोऱ्या कागदावर किंवा ‘सर्व हिशेब मिळाला’ अशा मजकुरावर पैसे हाती येण्यापूर्वी सही करू नये.

पहिले पाऊल म्हणून मालकाला स्पीड पोस्टाने अर्ज पाठवावा आणि पोचपावती जपावी. अर्जात कामावर लागल्याची तारीख, गाडीचा क्रमांक, ठरलेले वेतन, थकलेली रक्कम महिन्यानुसार, कामावरून काढल्याची तारीख आणि सांगितलेले कारण एवढेच लिहावे. राग आणि आरोप त्यात आणू नयेत. जादा वजन न्यायला नकार दिल्यामुळे काढले असेल, तर त्या खेपेची तारीख, काट्यावरचे वजन आणि आपला संदेश यांचा स्पष्ट उल्लेख करावा, कारण कायदा मोडायला नकार देणे हा गैरवर्तनाचा भाग होऊ शकत नाही. ठराविक दिवसांत उत्तर आले नाही, तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात समेटासाठी अर्ज करावा. कामावरून काढल्याचा वाद दोन वर्षांच्या आत तिथे नेला पाहिजे, म्हणून ‘शेठ बोलावतील’ या आशेवर हंगाम घालवू नये.

समेटाच्या बैठकीला मूळ कागद दाखवावेत, पण कार्यालयात आणि मालकाला झेरॉक्सच द्याव्यात. तडजोड झाली, तर रक्कम, ती देण्याची तारीख, लायसन्स व इतर कागद परत केल्याची नोंद, आणि जुन्या ई-चलानांची जबाबदारी कोणाची, हे चारही मुद्दे तडजोडीच्या कागदात आले पाहिजेत. शेवटचा मुद्दा बहुधा राहून जातो आणि वर्षभराने एखाद्या जुन्या खेपेच्या खटल्याचे समन्स चालकाच्या घरी येते. तडजोड झाली नाही, तर प्रकरण औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाते. वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. औद्योगिक कामगाराला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ ने दिलेला आहे, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करून त्याची चौकशी करता येते.